चरबीचे कलम किती सुट्ट्यांत लागते?

वाचकाचे पत्र

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय 46. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे माझा उजवा स्तन पूर्ण काढला. काखेतल्या गाठींतही आजार होता, म्हणून केमोनंतर लाईटही (रेडिएशन) दिली. सध्या कॅन्सर परतू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे आणि तपासण्या चांगल्या येत आहेत. ब्लाउजच्या आत मी रुमालाची घडी घालते. फळ्यावर लिहिताना उजवा हात वर गेला की ती घडी गळ्याकडे सरकते. पदर डाव्या खांद्यावर आणि गेलेली बाजू उजवी, त्यामुळे नीट झाकताही येत नाही. लिहून झाले की वर्गाकडे वळण्याआधी मी पुस्तक छातीशी धरते. पुण्यातील एका डॉक्टरांनी सांगितले की पोटाची चरबी काढून छातीत भरता येते, त्याच दिवशी घरी जाता येते आणि पोटही कमी होते. आमच्या गावातले जुने डॉक्टर म्हणतात की त्याने कॅन्सर झाकला जातो आणि उलटतो. सासूबाई म्हणतात, "आता या वयात कुणाला दाखवायचंय?" यजमान "तुला वाटेल ते कर" एवढेच म्हणतात आणि बागेत निघून जातात. जाऊबाईंना मात्र पोट कमी होण्याचे फार कौतुक. मला खरे सांगा, हे एका मे महिन्याच्या सुट्टीत होईल का? आणखी एक, लिहायला लाज वाटते, पण मी रोज सकाळी मिश्री लावते. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर

ताई,

एका सुट्टीत होणार नाही. हे आधीच सांगते, कारण तुमच्या पत्रातील बाकी सर्व प्रश्नांची उत्तरे या एका उत्तराला लागून आहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी जाण्याबद्दल तुम्हाला खोटे सांगितलेले नाही. चरबी भरून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाता येते हे खरेच आहे, पण ते एका बैठकीपुरते खरे आहे, आणि संपूर्ण काढलेला स्तन केवळ चरबीने उभा करायचा तर अशा अनेक बैठका लागतात. लाईट न घेतलेल्या छातीला साधारण तीन बैठका पुरतात. लाईट घेतलेल्या छातीला त्याहून दोनेक जास्त धराव्यात. दोन बैठकांमध्ये किमान तीन महिने जावे लागतात. म्हणजे तुमच्या बाबतीत हा हिशेब सव्वा ते दीड वर्षाचा आहे आणि प्रत्येक वेळी भूल, पोटाचा पट्टा, काळेनिळे पोट आणि पंधरा दिवसांची विश्रांती हे सर्व नव्याने आहेच.

असे का, हे तुमच्या घरच्या बागेवरून सांगितले तर लवकर समजेल. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर आपण हव्या त्या जातीची काडी बांधतो, तेव्हा त्या काडीला स्वतःचे मूळ नसते. खुंटाचा रस तिच्यात चढेपर्यंत ती जेमतेम जीव धरून असते, आणि तेवढ्या दिवसांत जोड जमली तर डोळा फुटतो, नाही जमली तर काडी वाळते. पोटातून काढलेल्या चरबीचे नेमके हेच होते. तिचा रक्तपुरवठा पोटातच तुटलेला असतो. छातीत गेल्यावर पहिले काही दिवस ती आजूबाजूच्या पेशींतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, आणि त्या मुदतीत जवळच्या रक्तवाहिन्यांचे कोंब तिच्यापर्यंत पोहोचले तरच टिकते. हा द्रव झिरपून फार आत जाऊ शकत नाही. म्हणून चरबीचा मोठा गोळा एका जागी सोडला तर त्याची कड जगते आणि गाभा मरतो. चांगला सर्जन ती शेवईसारख्या बारीक धारेने, बोथट टोकाच्या नळीतून, नळी मागे ओढत ओढत, वेगवेगळ्या थरांत आणि वेगवेगळ्या दिशांनी पेरत जातो, जेणेकरून प्रत्येक धागा चहूबाजूंनी जिवंत ऊतीला टेकलेला राहील. जेवढी जागा तेवढेच कलम. एकाच वेळी भरपूर भरून घ्यावे असा आग्रह धरणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि तो आग्रह मानणारे सर्जनही पाहिले आहेत. दोघांच्याही वाट्याला नंतर कडक गाठी येतात.

भरलेल्यापैकी किती टिकते? ढोबळ मानाने निम्मी. कुणाची तीस टक्के टिकते, कुणाची सत्तर, आणि कुणाची किती टिकेल हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. यात एक फसगत आहे, तिची तयारी मनाशी करून ठेवा. पहिल्या आठवड्यात सूज असते, त्यामुळे आरशात छाती भरलेली दिसते आणि बाईला वाटते की झाले काम. मग सहा-आठ आठवड्यांत सूज उतरते, न जगलेली चरबी शरीर हळूहळू शोषून घेते आणि आकार निम्म्यावर येतो. माझ्या एका रुग्णबाई या टप्प्यावर फार खचून आल्या होत्या. "विहीर आटावी तसं झालं," असे त्या म्हणाल्या. आटले काहीच नव्हते. जे टिकणार होते ते टिकले होते आणि सूज गेली होती, इतकेच. पण हे त्यांना आधी कोणी नीट बसवून सांगितले नव्हते. तीन महिन्यांनी जे उरते ते मात्र कायमचे तुमचे. ती चरबी पोटातल्यासारखीच वागते: तुमचे वजन वाढले तर ती फुगते, घटले तर उतरते. म्हणून पहिल्या बैठकीच्या आधी वजन ज्या ठिकाणी आणायचे असेल तिथे आणावे आणि मग ते स्थिर ठेवावे.

आता लाईटविषयी. लाईट दिलेली त्वचा तुम्ही हाताने चाचपून पाहिलीच असेल. ती पातळ, ताणलेली, बरगडीला चिकटल्यासारखी असते आणि तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमी झालेल्या असतात. खुंटच अशक्त असल्यावर काडी किती लागणार? त्यामुळे पहिल्या बैठकीत सर्जनला तिथे फारशी चरबी मावत नाही, कधीकधी शंभर-दीडशे मिलिलिटरवर थांबावे लागते. पण याच त्वचेच्या बाबतीत या पद्धतीचा एक गुण आहे, आणि मला वाटते तो आकारापेक्षाही मोलाचा आहे. पेरलेली चरबी लाईटने कडक झालेल्या त्वचेला हळूहळू मऊ करते. इटलीतील व्हेरोना येथील जिनो रिगोट्टी या सर्जनांनी 2007 साली लाईटने खराब झालेल्या त्वचेवरचे असे अनुभव प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर ठिकठिकाणच्या सर्जनांनी तेच पाहिले. चिकटलेला व्रण सुटतो, ओढ कमी होते, काही बायकांची दुखणारी छाती शांत होते. म्हणून तुमची पहिली बैठक म्हणजे बांधकाम नव्हे, जमिनीची मशागत आहे, असे समजून चाला.

जाऊबाईंचे कौतुक मात्र मला मोडावे लागणार आहे. एका बैठकीत समजा तीनशे मिलिलिटर शुद्ध चरबी वापरली. चरबी पाण्यापेक्षा हलकी असल्याने तिचे वजन साधारण 270 ग्रॅम भरते, म्हणजे पाव किलोला थोडे वर. एवढ्याने पोट दिसण्याइतके कमी होत नाही, आणि सर्जनने ते कमी दिसावे म्हणून जास्त ओढले तर पोटावर खळगे पडतात. चरबी काढताना आधी सलाईनमध्ये भुलीचे औषध आणि रक्तवाहिन्या आकसवणारे औषध मिसळून ते पोटात सोडतात, मग तीन-चार मिलिमीटरच्या छेदांतून नळीने चरबी ओढतात, ती गाळून, धुऊन किंवा यंत्रात फिरवून तेल, रक्त आणि पाणी वेगळे करतात, आणि उरलेली शुद्ध चरबी बारीक सिरिंजांत भरतात. छातीपेक्षा पोटच अधिक दुखते, हे जवळजवळ प्रत्येक बाई सांगते. पोटाला घट्ट पट्टा चार ते सहा आठवडे वापरावा लागतो. छातीला मात्र काहीही आवळायचे नाही, त्या कुशीवर झोपायचे नाही, आणि बर्फ लावून शेकायचे नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि कलम उपाशी राहते.

तुमच्या गावातल्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. त्यांचे म्हणणे कुठून आले ते मला ठाऊक आहे. स्तनात चरबी बसवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतील हायडेलबर्गचे सर्जन चेर्नी यांनी 1895 साली एका गायिकेची हकीकत प्रसिद्ध केली होती, ज्यात तिच्या स्तनातील गाठ काढून झालेली पोकळी त्यांनी तिच्याच कमरेवरच्या चरबीच्या गाठीने भरली होती. पुढे नळीने चरबी काढण्याचे तंत्र आले आणि काहींनी ती सरसकट टोचायला सुरुवात केली. तेव्हा 1987 साली अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी टोचू नये असा स्पष्ट इशारा दिला. कारण असे की मेलेल्या चरबीत चुन्याचे कण साठतात आणि मॅमोग्राफीत ते कॅन्सरच्या कणांसारखे दिसू शकतात. त्या काळात शिकलेल्या आमच्या पिढीने हे वाक्य मनात पक्के बसवले. नंतर चरबी हलक्या हाताने काढून बारीक पेरण्याची पद्धत रुजली, त्यात न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांचा मोठा वाटा आहे. रेडिओलॉजिस्टही दोन प्रकारचे कण वेगळे ओळखू लागले, आणि 2009 साली त्याच संघटनेने आपली बंदीची भूमिका मागे घेतली. तुमच्या डॉक्टरांकडे पहिली बातमी पोहोचली, दुसरी पोहोचली नाही, एवढेच.

"उलटतो" या शब्दाकडे मी अधिक गांभीर्याने पाहते, कारण तुमच्या काखेतही आजार होता. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात चरबीतल्या मूळ पेशी (स्टेम सेल) कॅन्सरच्या पेशींशेजारी ठेवल्या तर कॅन्सरच्या पेशी जोमाने वाढताना दिसतात, हे खरे आहे आणि भीतीचे मूळ तिथे आहे. मात्र बायकांच्या बाबतीत, चरबी भरलेल्या आणि न भरलेल्या रुग्णांची वर्षानुवर्षे तुलना करणाऱ्या मोठ्या पाहण्यांत आजार परतण्याचे प्रमाण वाढलेले आढळलेले नाही. इटलीतील मिलान येथून 2012 साली आलेल्या एका अभ्यासाने, आजार दुधाच्या नळीच्या आतच मर्यादित असलेल्या एका छोट्या गटाबद्दल शंका घेतली होती. नंतरच्या पाहण्यांनी तिला बळ दिले नाही, पण अशी शंका निघाली होती हे तुम्हाला माहीत असावे असे मला वाटते. म्हणून माझा आग्रह एवढाच की ज्या कॅन्सर डॉक्टरांकडे तुमचे उपचार झाले त्यांची लेखी संमती असल्याशिवाय कोणत्याही प्लास्टिक सर्जनने नळी हातात घेऊ नये. स्तन काढून दोन वर्षे झाली आहेत आणि तपासण्या चांगल्या आहेत, त्यामुळे ती संमती मिळण्यास अडचण येऊ नये. टॅमॉक्सिफेनबद्दलही त्यांनाच विचारा. या गोळीने पायातील रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून काही डॉक्टर शस्त्रक्रियेच्या आधी ती काही दिवस थांबवतात. ती थांबवायची की नाही आणि किती दिवस, हे तुम्ही किंवा मी ठरवायचे नाही.

गाठींची गोष्ट जरा वेगळी. चरबी भरल्यानंतर काही महिन्यांनी वाटाण्याएवढी, कधी बोराएवढी कडक गाठ हाताला लागू शकते. बहुतेक वेळा ती मेलेली चरबी किंवा तेलाची पिशवी असते आणि सोनोग्राफीत ओळखता येते, पण एखाद्या वेळी खात्रीसाठी सुई घालून तुकडा काढावा लागतो. ज्या बाईने एकदा अशीच गाठ स्वतःच्या हाताने शोधून काढलेली आहे, तिच्यासाठी अहवाल येईपर्यंतचे ते चार दिवस काय असतात हे मी खूप जवळून पाहिले आहे. काही बायका हे सहज पेलतात, काहींची झोप उडते. तुम्ही कोणत्या आहात ते तुम्हालाच ठाऊक. झोप उडणाऱ्यांपैकी असाल तर हा मुद्दा आकाराच्या मुद्द्याइतकाच जड धरा, आणि डाव्या स्तनाची दरवर्षीची तपासणी या सगळ्या धावपळीत चुकवू नका.

आता मिश्री. तुम्ही लाजत लिहिले, पण तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ तीच आहे. आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या बाईला आपण तंबाखू खाते असे म्हणत नाही, तिला स्वतःलाही तसे वाटत नाही. दात घासणे असेच ते नाव घेते. केसपेपरवर "व्यसन: नाही" असे लिहिले जाते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे आणि हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जाते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. वर मी ज्या कोंबांबद्दल लिहिले, ज्यांच्यावर कलमाचे जगणे अवलंबून आहे, ते नेमके याच आकसण्याने खुंटतात. त्यावर लाईटची भर. त्यामुळे पहिल्या बैठकीच्या किमान चार आठवडे आधी मिश्री बंद, आणि दोन बैठकांच्या मधल्या काळातही बंद, म्हणजे व्यवहारात कायमचीच बंद. लहानपणापासूनची सवय एका सकाळीत सुटत नाही; डोके दुखते, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. त्यासाठी निकोटिनचे च्युइंगम किंवा पट्टी सुचवली जाते, पण त्यातही निकोटिनच असते, म्हणून ती शस्त्रक्रियेच्या बऱ्याच आधी वापरून संपवावी लागतात. सर्जनला हे स्पष्ट सांगा. न सांगता केलेल्या शस्त्रक्रियेत चरबी कमी टिकली तर सर्जन बुचकळ्यात पडेल आणि तुम्ही मनातल्या मनात स्वतःला बोल लावत बसाल.

फक्त चरबी हाच एक मार्ग आहे असेही नाही, आणि तुमच्या छातीसाठी तो सर्वांत सोयीचा आहेच असे मला वाटत नाही. लाईट घेतलेल्या त्वचेखाली नुसते सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले तर त्याभोवती कडक आवरण धरण्याचा आणि आकार वेडावाकडा होण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून ते तुमच्यासाठी मी मागे ठेवीन. नेदरलँड्समध्ये 193 स्त्रियांवर चरबी विरुद्ध इम्प्लांट अशी चाचणी झाली आणि 2023 साली ती प्रसिद्ध झाली. त्यात वर्षभरानंतर चरबीच्या गटातील स्त्रिया अधिक समाधानी आढळल्या. मात्र त्यांना त्वचा बाहेरून ओढून धरणारे एक उपकरण घालून राहावे लागत होते, हे त्या बातमीबरोबर सांगितले जात नाही. पोटाची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट छातीवर आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची शस्त्रक्रिया लाईट घेतलेल्या छातीसाठी फार भरवशाची मानली जाते, कारण तिथे कलम उपाशी राहत नाही, पाण्याच्या पाइपासकटच येते. ती एकाच वेळी होते, पण कित्येक तास चालते, पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहतो, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याची तयारीची टीम लागते. तिसरा मार्ग पाठीचा: पाठीवरचा एक रुंद स्नायू त्वचेसह काखेखालून पुढे वळवायचा आणि मग त्यात एक-दोन बैठकांत चरबी पेरायची. या स्नायूला भरपूर रक्त असल्याने चरबीला चांगली जमीन मिळते आणि बैठका कमी होतात. एरवी मी तुमच्यासारख्या रुग्णाला हा मार्ग आधी सुचवला असता. पण तुमची बाजू उजवी आहे आणि फळ्यावर लिहिणारा हातही उजवा. हा स्नायू काढल्यावर हात वरून खाली जोराने ओढण्याची ताकद थोडी उणावते. बहुतेक बायकांना ते रोजच्या कामात जाणवत नाही, पण काखेतल्या गाठी काढलेल्या, लाईट घेतलेल्या खांद्याच्या बाबतीत मी आधी फिजिओथेरपिस्टकडून खांदा तपासून घेईन. सर्जनला एवढेच विचारा: "नुसती चरबी की पाठीचा स्नायू आणि चरबी, माझ्या त्वचेला काय मानवेल?" जो सर्जन तुमची त्वचा चिमटीत धरून, ओढून पाहिल्याशिवाय उत्तर देईल त्याच्याकडून उठून या.

तोपर्यंत रुमालाची घडी बंद करा. हे या आठवड्यातच करण्यासारखे आहे. आतून खिसा असलेली ब्रेसियर आणि तिच्यात बसणारा सिलिकॉनचा वजनदार साचा मिळतो. कॅन्सरच्या रुग्णालयांतील समुपदेशिकेला तो कुठे मिळतो हे माहीत असते, आणि मिरजेत तर विचारपूस करणे अवघड नाही. वजन डाव्या बाजूइतके असल्याने तो हात वर केला तरी गळ्याकडे चढत नाही. नंतर शस्त्रक्रिया केली नाही तरी तो कामाचा, केली तरी दीड वर्ष कामाचा. आणि एखादी बाई हे सर्व वाचून सपाट छातीनेच राहायचे ठरवते, तर तेही पूर्ण उत्तर आहे, अर्धवट नव्हे.

सासूबाईंच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देण्याची गरज नाही, पण मी देते. दाखवायचे कुणालाच नाही. तुमच्या पत्रात कुठेही कुणाला दाखवण्याची इच्छा नाही. पुस्तक छातीशी न धरता वर्गाकडे वळता यावे, एवढीच इच्छा आहे. त्यांच्या पिढीतल्या बायकांनी आजारातून जीव वाचला की बाकी काही मागायचे नाही असे शिकून घेतले, आणि त्या प्रश्नामागे कदाचित तुम्हाला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर पाहण्याची भीतीही असेल. यजमानांचे "तुला वाटेल ते कर" हे वाक्य मी मिरजेतल्या ओपीडीत असंख्य वेळा ऐकले आहे. अनेकदा त्याचा अर्थ "मला काय बोलावे ते कळत नाही" असा असतो. त्यांना निर्णय विचारू नका, काम द्या: पहिल्या भेटीला बरोबर चला आणि डॉक्टर काय म्हणतात ते वहीत लिहून घ्या. कलमाचा हिशेब त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

पैशाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. आरोग्य विम्याच्या कंपन्या "हे सौंदर्यासाठी आहे" असे म्हणून असा दावा नाकारू पाहतात. आपल्या देशातील विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळणुकीत सौंदर्य शस्त्रक्रिया वगळल्या आहेत हे खरे, पण त्याच कलमात अपघात, भाजणे किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना हा अपवादही लिहिलेला आहे. तेव्हा पॉलिसीचे ते पान काढून ठेवा, डॉक्टरांच्या पत्रात "कॅन्सरनंतरची पुनर्रचना" हे शब्द स्पष्ट लिहून घ्या, आणि पहिल्याच बैठकीत पुढच्या बैठकांचीही नोंद करून पूर्वमंजुरी मागा. नाहीतर पहिली मंजूर आणि तिसरी नामंजूर असा प्रकार होतो. शासकीय योजनेत बसवायचे असेल तर योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, आणि शाळेच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीबद्दल तुमच्या गटशिक्षण कार्यालयाला, शस्त्रक्रियेच्या आधी आणि लेखी विचारा.

कुणी "स्टेम सेल मिसळलेली चरबी" म्हणून जास्त पैसे मागितले तर तिथेच थांबा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे मूळपेशी प्रत्यारोपण सोडले तर बाकी वापर केवळ परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम. सी. एच. किंवा त्या विषयातील डी. एन. बी. पदवी आहे का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. केस आणि त्वचेच्या दवाखान्यात हे काम होऊ देऊ नका.

आता तुमच्या सुट्ट्या. मे महिन्यात मुळीच करू नका. सांगली जिल्ह्याच्या उन्हाळ्यात, तासगावच्या त्या फुफाट्यात, पोटाला घट्ट पट्टा बांधून सहा आठवडे काढणे म्हणजे घामोळे आणि घामाने चिघळणारे छेद. दिवाळीच्या सुट्टीत पहिली बैठक घ्या. तोपर्यंत मिश्री सुटलेली असावी, वजन स्थिर झालेले असावे आणि कॅन्सर डॉक्टरांचे पत्र हातात असावे. दुसरी बैठक फेब्रुवारीत येते, परीक्षांच्या आधी. तिला रजा लागेल. तिसरीला जून उजाडला तरी बिघडत नाही, पाऊस पडल्यावर पट्टा सुसह्य होतो. उजव्या हाताला सूज येत असेल तर ती आधी आटोक्यात आणा, आणि भरल्यानंतर तीन आठवडे फळ्यावरचे लिखाण एखाद्या मोठ्या मुलीकडून करून घ्या.

सर्जनकडे पहिल्यांदा जाताना आजारापूर्वी शिवलेला एखादा ब्लाउज पिशवीत घालून न्या. पूर्वीचा आकार सांगणारा फोटो कुणाकडेच नसतो, पण तुमच्या शिंप्याने घेतलेले माप त्या कापडात अजून आहे, आणि किती भरायचे हे ठरवताना सर्जनला त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही तुम्ही देऊ शकणार नाही.